आरोग्यप्रबोधन, चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशातील

आरोग्यविषयक ज्ञान सामान्य लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी शासन, सेवाभावी संस्था व व्यक्ती यांनी योजलेल्या साधनांचा व पद्धतींचा आरोग्यप्रबोधनात समावेश होतो. दवंडी, भजन, भित्तिलेख, चित्रपत्रिका, नाटक, नभोवाणी आणि अलीकडची समाजमाध्यमे ही त्याची साधने होत. विदर्भाच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत यांपैकी बहुतेक सर्व साधने वापरली गेली आणि त्यांच्या मर्यादाही तेथे लवकर उघड झाल्या. निरोप कोण आणतो, तो कोणत्या बोलीत आणतो आणि ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची सोय आहे की नाही, यांवर त्याचा स्वीकार अवलंबून असतो, हे या प्रदेशाच्या सु. शंभर वर्षांच्या अनुभवातून दिसते.

पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ व गडचिरोलीची १०,७२,९४२ होती. गडचिरोलीचा सु. तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित असून त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३८ टक्के आहे. वस्ती विरळ, गावे लहान व एकमेकांपासून दूर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा इतर जिल्ह्याशी असलेला रस्ता तुटतो. भाषांची विविधता हा तर या प्रदेशाचा विशेषच. उत्तरेकडे व मध्यभागी झाडीबोली, जंगलपट्ट्यात गोंडी व माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी आणि चामोर्शी व मुलचेरा भागांतील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. प्रमाण मराठीत छापलेले एकच पत्रक सर्व जिल्ह्याला पुरेल, ही समजूत येथे प्रारंभापासूनच गैरलागू होती.

रोग आणि उपचार यांविषयीची माहिती या गावांत पूर्वी नव्हती, असे नाही. सुईण, पुजारी, जडीबुटी जाणणारा वृद्ध व घरातील जाणत्या स्त्रिया यांच्याकडे ती परंपरेने राहत असे. आठवडी बाजार व गोटूल येथे ती पसरे. तिच्यातील काही भाग उपयुक्त, काही निरुपद्रवी आणि काही प्राणघातक होता. पोटातले मूल लहान राहिले की बाळंतपण सोपे जाते, म्हणून गर्भारपणात कमी खावे. बाळ जन्मताच त्याला आंघोळ घालावी. पहिले दूध लगेच पाजू नये, हे समज प्राणघातक भागात मोडतात. मात्र त्यांच्या मुळाशी एक प्रकारचा तर्क होता. दवाखाना आणि शस्त्रक्रिया यांपासून अनेक कोस दूर असलेल्या स्त्रीला अडलेल्या बाळंतपणाची भीती वाटणे स्वाभाविक होते. केवळ ‘अडाणीपणा’ असे नाव देऊन या समजुती दूर करू पाहणाऱ्यांना येथे फारसे यश आले नाही.

ब्रिटिश अमदानीतील मध्य प्रांतात गावच्या कोतवालाने जन्म व मृत्यू यांची खबर पोलीस ठाण्यात द्यावी, अशी पद्धत होती. देवीची लस टोचणारा येणार असला, की दवंडी पिटली जाई. म्हणजे खबर वर जाई आणि हुकूम खाली येई. मृत्यूंचा आकडा गावाकडून सरकारकडे गेला, तरी ती माणसे कशाने दगावली हे परत गावाला कळविण्याची तरतूद त्या व्यवस्थेत नव्हती. स्वातंत्र्यानंतरही हा प्रघात बराच काळ टिकला.

प्रबोधनाचा लोकांच्या अंगवळणी पडलेला प्रकार शासकीय यंत्रणेबाहेर वाढला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांचा चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर परिसराशी निकटचा संबंध होता. खंजिरीच्या साथीवर गायिलेल्या त्यांच्या भजनांतून गावसफाई, व्यसनमुक्ती व शरीरश्रम यांचा पुरस्कार होत असे. १९५५ मधील त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे. अक्षरओळख नसलेला श्रोता भजन पाठ करू शकतो, हा या माध्यमाचा मोठा लाभ. मात्र त्याचा प्रभाव मुख्यतः मराठी बोलणाऱ्या पट्ट्यात राहिला.

कुष्ठरोगाच्या बाबतीत शब्दांचा उपयोग थोडाच होता. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये आनंदवनाची स्थापना केली. तेथे रुग्णांनी पिकविलेला भाजीपाला सुरुवातीला कोणी विकत घेईना. रोग कसा पसरतो हे सांगणारी व्याख्याने देऊन हा बहिष्कार उठला नसता. १९५४ मध्ये विविध देशांतील स्वयंसेवकांचे एक पथक आनंदवनात येऊन राहिले व त्यांनी रुग्णांबरोबर बांधकाम केले. परकी माणसे तेथे राहतात, जेवतात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि हळूहळू येणेजाणे व खरेदी सुरू झाली. १९६४ मध्ये तेथे महाविद्यालय सुरू झाल्यावर परिसरातील तरुण रोजच आनंदवनात येऊ लागले. प्रबोधनाच्या इतिहासात सहसा अशा प्रसंगांची नोंद होत नाही. पण एका गैरसमजाचे निराकरण याहून परिणामकारक रीतीने झाल्याचे उदाहरण या जिल्ह्यात दुसरे नाही.

शासनाच्या राष्ट्रव्यापी मोहिमा याच काळात जंगलात पोहोचल्या. हिवतापविरोधी कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला व १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डीडीटीची फवारणी करणारी पथके घराघरांत शिरली. ‘मलेरिया’ हा शब्द बोलींत रुळला, पण डास व ताप यांचा संबंध त्यामानाने कमी रुळला. देवीच्या निर्मूलनासाठी देशभर वापरलेली रोगओळख-चित्रे अधिक यशस्वी ठरली. देवीचे फोड अंगावर उठलेल्या मुलाचे चित्र दाखवून ‘असा रुग्ण कोठे पाहिला काय ?’ असे बाजारात व शाळेत विचारले जाई. येथे अधिकारी सांगत नव्हता, विचारत होता, हा फरक लक्षणीय आहे. १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण आढळला. याउलट कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर दिसू लागला, तरी त्याची आठवण कडवट राहिली. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले होते. त्याचा कायदा झाला नाही, परंतु सरकारी गाडी आणि आरोग्याचा निरोप यांविषयी ग्रामीण भागात निर्माण झालेला संशय पुढे अनेक वर्षे कार्यकर्त्यांच्या वाट्याला आला.

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आमटे व मंदाकिनी आमटे या डॉक्टर दांपत्याने तेथे वास्तव्य केले. सुरुवातीच्या काळात रुग्ण येतच नसत. अनोळखी पोशाखातील माणूस दिसला की माडिया लोक जंगलात निघून जात. त्यांना बोलावण्यासाठी कोणतेही पत्रक उपयोगी नव्हते. आमटे दांपत्याने माडिया भाषा शिकून घेतली आणि हाती आलेले थोडे रुग्ण बरे केले. बरा झालेला माणूस आपल्या गावी परतला, की त्याची हकीकत नातलगांतून व बाजारांतून पसरे. दवाखान्याची जाहिरात ती एवढीच. पण पुढे छत्तीसगड व आंध्र प्रदेश–तेलंगण यांच्या सीमेपलीकडून रुग्ण चालत येऊ लागले. १९७६ मध्ये सुरू झालेल्या आश्रमशाळेमुळे दुभाषांची एक पिढी तयार झाली, हेही नमूद केले पाहिजे.

आरोग्यमाहितीच्या देवाणघेवाणीचा पद्धतशीर अभ्यास व प्रयोग या प्रदेशात ‘सर्च’ या संस्थेने केला. अभय बंग व राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत कार्यास आरंभ केला. प्रारंभीच त्यांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची पाहणी करून त्याचा आढळ दाखवून दिला. निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा होता, पण लोकांच्या दृष्टीने तो प्रश्न तातडीचा नव्हता आणि त्यावर इलाजही हाती नव्हता. लोकांवर संशोधन करणे व लोकांसह संशोधन करणे यांतील भेद या अनुभवातून स्पष्ट झाला. (सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुरू केली; तीत तपासणी झालेल्यांना रोगस्थिती दर्शविणाऱ्या पत्रिका देण्यात येतात.)

संस्थेच्या रुग्णालयाची रचना लोकांशी झालेल्या चर्चेतून ठरली. मोठी इमारत, पांढरे कपडे आणि नातेवाइकांना दूर ठेवणारे नियम यांची भीती वाटते, असे गोंड लोकांनी सांगितले. त्यानुसार धानोरा मार्गावरील शोधग्राम येथे आदिवासी घरांच्या धर्तीवर झोपड्या बांधण्यात आल्या. तेथे रुग्णासोबत नातलगांना राहता येते. दवाखान्याला लोकांच्या देवीचे, दंतेश्वरीचे, नाव देण्यात आले.

लहान मुलांच्या न्यूमोनियाविरुद्धचा प्रयोग हे शब्दांच्या निवडीचे चांगले उदाहरण आहे. ‘न्यूमोनिया’ हा शब्द आईला अपरिचित होता, मात्र मुलाला धाप लागणे व छाती ओढली जाणे या लक्षणांना स्थानिक बोलीत ‘लहक’, ‘डब्बा’ असे शब्द होते. प्रबोधन या शब्दांतून करण्यात आले. उपचार करणाऱ्यांत निमवैद्यकीय कर्मचारी व गावातील आरोग्यसेवक यांच्याबरोबर परंपरागत सुईणीही होत्या. यांपैकी अनेकींना मोजता येत नसल्याने श्वास मोजण्यासाठी एक साधी चौकट तयार करण्यात आली. वाळूचे एका मिनिटाचे घड्याळ उलटे करावयाचे आणि दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत पोहोचले, तर मुलाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध द्यावयाचे. दोन महिन्यांखालील बालकासाठी मण्यांची वेगळी ओळ होती, कारण त्याच्या श्वासाची गती मुळातच अधिक असते. निरक्षर स्त्रीच्या हाती निदानाची क्षमता देणारे हे साधन कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा अधिक बोलके होते. १९९० मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार प्रयोगाच्या ५८ गावांतील न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

स्त्रियांच्या आजारांबाबत अडचण निराळी होती. येथे शब्द होते, पण ते उच्चारण्याची मुभा नव्हती. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ प्रसूती व कुटुंबनियोजन, ही तोपर्यंतची आंतरराष्ट्रीय धारणा हलविली. गावांच्या दृष्टीने त्याहून मोठा परिणाम असा, की ‘पांढरे जाणे’ हा आपल्या एकटीचा भोग नसून शेजारणीलाही तोच त्रास आहे, हे स्त्रियांना कळले. राणी बंग यांच्या कानोसा या पुस्तकात या स्त्रियांचे अनुभव आले आहेत, तर गोईणमध्ये त्यांचे झाडांविषयीचे ज्ञान नोंदविलेले आहे. ज्यांना शिकवावयाचे त्यांच्याकडून आधी ऐकावे, ही दृष्टी या दोन्ही पुस्तकांमागे आहे.

नवजात बालकांच्या घरोघर काळजीचा प्रयोग हा या सर्व अनुभवाचा पुढचा टप्पा होय. १९९३ नंतर ३९ गावांत त्या त्या गावातीलच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रिया आरोग्यदूत म्हणून निवडण्यात आल्या. गर्भवतीच्या व बाळंतिणीच्या घरी वारंवार जाऊन बाळाचे वजन करणे, ऊब व स्तनपान यांविषयी मार्गदर्शन करणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे व जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्यांनी केली. आईशी होणारे बोलणे चित्रांच्या आधारे व घरातील सासूच्या उपस्थितीत होई. निर्णय बहुधा सासूच घेत असल्याने ते आवश्यकच होते. तुलनेच्या ४७ गावांशी पडताळता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यातील स्त्रीच्या हाती सुई देण्यावर वैद्यकीय व्यवसायातून आक्षेप घेतले गेले. २००१ मध्ये अनेक संस्थांनी मिळून केलेला कोवळी पानगळ हा बालमृत्यूंविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि शासकीय नोंदींत बालमृत्यू फार कमी दाखविले जातात हे वृत्तपत्रांतून व विधिमंडळात गाजले. कोतवालाच्या खबरीपासून चालत आलेला प्रवाह येथे प्रथमच उलटला, असे म्हणता येईल : मृत्यूंचा आकडा या वेळी लोकांपुढे ठेवला गेला व त्याचा जाब शासनाला विचारला गेला. केंद्र शासनाने २०११ मध्ये गृहाधारित नवजात काळजीचा कार्यक्रम देशभरासाठी स्वीकारला. त्यानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने बेचाळीस दिवसांत सहा व घरी जन्मलेल्या बाळासाठी सात भेटी द्यावयाच्या असतात.

स्त्रियांच्या सभांत आजारांबरोबरच वारंवार पुढे आलेला विषय दारूचा होता. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. चंद्रपूरमध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’च्या पुढाकाराने २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर स्त्रियांचा पायी मोर्चा गेला. तेथे १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली, पण २०२१ मध्ये शासनाने ती उठविली. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा जिल्हाव्यापी कार्यक्रम चालविण्यात येत असून जनजागृती, गावाची सामूहिक कृती, कायद्याची अंमलबजावणी व व्यसनी व्यक्तींवर उपचार ही त्याची अंगे आहेत.

करमणुकीतून प्रबोधन करण्यास झाडीपट्टीची रंगभूमी सोयीची होती. दंडार व खडी गंमत यांच्या परंपरेतून वाढलेली आणि दिवाळीनंतर वडसा परिसरातून गावोगाव जाणारी नाटके रात्रभर चालतात व त्यांना हजारोंचा प्रेक्षक लाभतो. व्यसन, अंधश्रद्धा इ. विषय त्यांत पूर्वीपासून आहेत. येथील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नभोवाणीचा प्रभाव त्यामानाने मर्यादित राहिला. तिची मराठी दुर्गम गावांना कळत नसे आणि तिला उलट प्रश्न विचारता येत नसे.

मोबाइल दूरध्वनीमुळे ही दुसरी उणीव दूर होईल, अशी अपेक्षा होती. छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ या सेवेने तिची शक्यता दाखविली. साध्या दूरध्वनीवरून आपल्या बोलीत तक्रार वा बातमी ध्वनिमुद्रित करावयाची आणि इतरांनी ती ऐकावयाची, अशी तिची योजना असून गोंडी भाषकांनाही तिचा लाभ झाला. वाचता न येणाऱ्यास आवाज पुरे होतो. त्यानंतर व्हॉट्सॲप, यूट्यूब व फेसबुक यांचा प्रसार झाला, आणि या प्रदेशातील संस्थांनीही त्यांचा अवलंब केला. मात्र त्यांच्या वापराचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. हेमलकसा, आनंदवन किंवा शोधग्राम यांविषयीच्या चित्रफिती व व्याख्याने पुण्या-मुंबईचे व परदेशांतील मराठी लोक मोठ्या संख्येने पाहतात. त्यांतून देणग्या, स्वयंसेवक व तरुण डॉक्टर मिळतात. हे कार्य मोलाचे आहे, पण ते जंगलाविषयी शहराशी केलेले बोलणे होय. जंगलाशी बोलण्यासाठी समाजमाध्यमांचा उपयोग त्याहून पुष्कळ कमी झाला आहे.

कोविड-१९ च्या साथीत हा भेद प्रकर्षाने जाणवला. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये साथीबरोबर पसरणाऱ्या खोट्या-खऱ्या माहितीच्या लोंढ्याबद्दल इशारा दिला होता. मार्चमध्ये भारत शासनाने व्हॉट्सॲपवर माहितीसेवा सुरू केली. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास आरंभ झाला, तेव्हा लसीने माणूस मरतो, वंध्यत्व येते, अशा अफवा त्याच माध्यमातून पसरल्या. गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यांत लसीकरणाला दीर्घकाळ विरोध झाला. लसीच्या नोंदणीसाठीचे ‘कोविन’ हे संकेतस्थळ प्रथम इंग्रजीत होते व जून २०२१ पासून ते मराठी, तेलुगू, बंगाली इ. भाषांत उपलब्ध झाले. गोंडीचा त्यांत समावेश नव्हता. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या सु. २९.८४ लाख होती. अफवेला मात्र भाषेची अडचण पडली नाही. ती नातलगाच्या आवाजात, गावच्या बोलीत व आठवडी बाजाराच्या वाटेने आली. वीस वर्षांपूर्वीच्या आरोग्यदूतांनी ज्या वाटा वापरल्या होत्या, त्याच या होत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

विरोध ओसरला तो मुख्यतः गावच्या आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक व गावप्रमुख यांनी घरोघर जाऊन समजूत घातल्याने. आता आशा कार्यकर्तीजवळ दूरध्वनी असतो आणि तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाकडून सूचना व चित्रे त्यावर येतात. ती बहुधा मराठीत असतात. भामरागड व एटापल्ली तालुक्यांत जेथे दूरध्वनीचे जाळे पोहोचत नाही, तेथे बाजाराच्या वा बैठकीच्या दिवशी ती उतरवून घेतली जातात. गावी परतल्यावर आशा ती माडियात किंवा गोंडीत सांगते, आणि ज्या घरात बाळंतीण असते तेथे ठरलेल्या दिवशी वजनकाटा घेऊन जाते.